तालुक्याच्या गावात हिशेबाच्या कामाला ग्राहक कसे मिळवायचे?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. बी.कॉम. झालेल्या, यवतमाळला एका करसल्लागाराकडे काही वर्षं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचं काम केलेलं, लग्नानंतर घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. वर्षभरात तीनच ग्राहक, त्यातले दोन नात्यातले. आठवडी बाजारात पत्रकं वाटली, एकही फोन आला नाही. त्या विचारतात: फेसबुकवर जाहिरातीला पैसे घालू का? फी किती सांगू? "आमचं यवतमाळचे सीए पाहतात" म्हणणाऱ्याला काय उत्तर देऊ? आणि नणंदेच्या ओळखीचे एक दुकानदार म्हणतात, तीन महिने फुकट करून दाखवा, मग पाहू. ते करू का?

ताई, मी हे काम हिंगणघाट-समुद्रपूरच्या पट्ट्यात केलं. माल तोच, कापूस, सोयाबीन आणि तूर, आणि दुकानदारही त्याच वळणाचे. त्यामुळे मी जे सांगतो ते तुमच्याकडे बरंचसं लागू पडेल.

पत्रकांना फोन आला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर असतो शेतकरी आणि मजूर. त्याला तुमच्या कामाची गरज नाही. ज्याला गरज आहे तो दुकानदार त्या दिवशी गल्ल्यावरून उठत नाही, आणि हातात आलेल्या पत्रकात तो सुटे गुंडाळून देतो. पण खरं कारण याच्याही पुढचं आहे. आपल्या गावात कोणीही आपली वही अनोळखी माणसाच्या हातात देत नाही. आपल्याला वाटतं दुकानदार फी पाहून मागे सरतो. तसं नाही. त्याच्या मनातली पहिली भीती असते की माझा आकडा समोरच्या दुकानात जाईल. किती माल आणला, कोणत्या भावाने आणला, उधारी किती अडकली, बँकेचं किती देणं आहे. शहरात या गोष्टी कोणी विचारत नाही. तालुक्याच्या गावात लग्नाची बोलणी याच्यावर ठरतात.

म्हणून तुमची पहिली जाहिरात म्हणजे तुमचं तोंड. एखादा शेठ चहा पाजता पाजता सहज म्हणेल, "अमक्याचं कसं चालू हाय जी? लय माल आणला म्हणते यंदा." हा प्रश्न सहज नसतो. तुम्ही थोडंसं जरी सांगितलं तरी तो हसेल, ऐकून घेईल, आणि तुम्हाला काम देणार नाही. "भाऊ, तुमचंबी उद्या कोणी विचारलं तर मी हेच म्हणीन, मले सांगता येत नाही," एवढं म्हणा आणि विषय बदला. हे उत्तर गावात फिरतं. मला मिळालेली बरीच कामं अशा न दिलेल्या उत्तरांवर मिळाली आहेत. घरून काम करता म्हणून आणखी एक सांभाळा: पुढच्या खोलीत टेबलावर कुणाच्याही फायली उघड्या पडलेल्या नकोत. फायलीच्या पाठीवर दुकानाचं नाव लिहू नका, क्रमांक लिहा. कपाटाला कुलूप असू द्या आणि ते लावताना येणाऱ्याला दिसू द्या.

आता दुसरी गोष्ट. "सर्व प्रकारची अकाउंटिंगची कामं केली जातील" हा फलक काढा. एक धंदा निवडा आणि तो मुळापासून शिका. दारव्ह्यासारख्या ठिकाणी माझी पहिली निवड कृषी सेवा केंद्र राहील. किराणा दुकानदार आपला आपण कसातरी भागवतो. जिनिंगवाल्याला कापूस थेट शेतकऱ्याकडून घेतला की उलट आकारणीने ५ टक्के कर स्वतः भरावा लागतो, त्याचे व्यवहार मोठे, आणि त्याचा माणूस आधीच नागपूर-अमरावतीत बसलेला असतो. तो तुमचा पहिला ग्राहक नव्हे. कृषी केंद्रवाला मात्र मध्येच सापडलेला आहे. एकाच बिलात तीन प्रकारचा माल: बियाण्याला कर नाही, रासायनिक खताला ५ टक्के, कीटकनाशकाला १८ टक्के. करमाफ माल विकतो म्हणून दुकानाच्या भाड्यासारख्या सामाईक खर्चावरचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, त्याला पूर्ण घेता येत नाही, त्या प्रमाणात परत करावी लागते. कितीतरी दुकानांत ते कोणी केलेलंच नसतं. वर परवाने तीन, साठा रजिस्टर, भावफलक आणि खताची विक्री नोंदवणारं पॉस मशीन.

हे मशीन म्हणजे तुमच्यासाठी दार आहे. २०१८ पासून देशभर खताचं अनुदान दुकानातल्या मशीनवर झालेल्या विक्रीनंतर कंपनीला मिळतं. शेतकऱ्याचा अंगठा घेतला की विक्री धरली जाते. पण जूनमध्ये पाऊस पडला की दुकानात काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. दारात बैलगाड्या, ऑटो, मालाची ओरड, मशीनला रेंज नाही. बॅग आधी जाते, अंगठा "मंग घेऊ" म्हणून राहतो. हंगाम संपता संपता समजा मशीनवर युरियाच्या १२० बॅगा शिल्लक दिसतात, टॅलीत ९७ आणि गोदामात मोजल्या तर ८५. हे तीन आकडे समोर ठेवून बसा. मशीन आणि टॅली यांत २३ चा फरक, म्हणजे त्या २३ बॅगांचं बिल झालं पण अंगठा राहिला. टॅली आणि गोदाम यांत १२ चा फरक, म्हणजे त्या बारांना ना बिल ना अंगठा. त्या बहुतेक गल्ल्याखालच्या उधारीच्या वहीत कुणाच्या तरी नावावर सापडतील. वहीवरून बोट फिरवत एकेक नाव काढा, ज्याने नेली त्यालाच बोलावून अंगठा आणि बिल पूर्ण करायला सांगा. दुसऱ्या कुणाचा अंगठा लावून आकडा जुळवायला कोणी म्हटलं तर ठाम नाही म्हणा. कृषी विभागाचा निरीक्षक आला की हेच तीन आकडे पाहतो, आणि फरक निघाला तर परवान्यावर येतं. त्या दुकानदाराची झोप जीएसटीने उडत नाही, या फरकाने उडते. ती यादी तुम्ही दोन दुपारी बसून काढून दिली की त्याचं जीएसटी आपोआप तुमच्याकडे येतं. मागावं लागत नाही.

भेटीची वेळ नीट धरा. जून-जुलैत कृषी केंद्रात पाऊल टाकू नका. एप्रिल आणि मे हे तुमचे महिने. दुपारी एक ते चार उन्हामुळे गिऱ्हाईक नसतं, शेठ पंख्याखाली मोकळा असतो. कृषी निविष्ठा विक्रेत्यांची तालुक्याची संघटना खरिपाआधी एक बैठक घेतेच. तिथे दहा मिनिटं मागून घ्या आणि फक्त "मशीन, टॅली आणि गोदाम" एवढ्यावरच बोला. शेवटी "मी ही कामं करते" असं सांगण्याचीही गरज नाही, संघटनेचा सचिवच सांगेल.

आता ज्यांच्या ओळखीने तुम्ही जाऊ शकत नाही त्यांच्याकडे कसं जायचं? नोंदणी असलेल्या प्रत्येक दुकानाच्या फलकावर जीएसटी क्रमांक लिहिलेला असणं नियमाने बंधनकारक आहे. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की त्या दुकानाचं कोणतं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं हे कोणालाही, लॉगिन न करता दिसतं. दुकानात जाण्याआधी ते पाहून घ्या. दोन तिमाही रिकाम्या दिसल्या तर त्या माणसाची नोंदणी रद्द होण्याच्या मार्गावर आहे, आणि बहुतेक वेळा त्याला ते ठाऊकच नसतं. तो समजतो आपला माणूस भरतोय.

पण हे सांगायचं कसं यावर सगळं अवलंबून आहे. दुकानात दोन माणसं बसलेली असताना "तुमची रिटर्न राहिली आहेत" म्हणालात तर तुम्ही त्याची इज्जत काढली. तो तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही. कोणी नसताना जा, मोबाइलवर तो तक्ता उघडून त्याच्याच हातात द्या आणि म्हणा, "भाऊ, हे एकदा तुमच्या माणसाले विचारून घ्या." एवढंच. जुन्या माणसाबद्दल एक शब्द वाईट बोलू नका. विचारल्यावर उत्तर नीट आलं नाही तर तो स्वतः तुमचा नंबर शोधत येईल. उत्तर नीट आलं तरी तुम्ही त्याचं भलं केलंत, आणि तेही तो चार लोकांत सांगेल.

याच भेटीत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल दुकानदाराचा नसतो, ज्याने नोंदणी करून दिली त्याचा असतो. नोटीस येते ती त्याच्याकडे. ओटीपी त्याच्याकडे. माणूस बदलायचा म्हटलं तरी दुकानदार अडकलेला. तुमच्या प्रत्येक ग्राहकाचं पहिलं काम हेच करा: नोंदणीच्या तपशिलात दुकानदाराचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घाला, पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात त्याच्या हाती द्या. "उद्या मी नको वाटले तर हे पाकीट घेऊन दुसऱ्याकडे जा," असं स्वतःहून सांगा. ओटीपीसाठी दर महिन्याला फोन करावा लागेल, तो त्रास तुम्ही सोसा. ग्राहक बांधून ठेवायचा म्हणून त्याचा पासवर्ड दाबून ठेवणारे लोक आपल्या धंद्यात आहेत, आणि त्यांच्यामुळेच दुकानदार नव्या माणसाला जवळ करायला घाबरतो. ते पाकीट ज्याला मिळालं त्याने गावभर सांगितलं नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही.

"आमचं यवतमाळचे सीए पाहतात" याला उत्तर असं द्या: "चांगलं आहे, त्यांच्याकडेच ठेवा. त्यांना लागणारे कागद मी इथे तयार करून देते." कारण ऑडिट सीएच करू शकतो, तिथे तुमची स्पर्धाच नाही. जिल्ह्याच्या सीएची अडचण वेगळी आहे. त्याच्याकडे दारव्हा-दिग्रसहून येतात त्या पिशव्या. बिलं चुरगळलेली, बँकेचं पासबुक अर्धवट छापलेलं, रोखीचा मेळ नाही. तुम्ही जर स्वच्छ टॅली बॅकअप, जुळवलेला बँक ताळा आणि बिलांच्या फायली दिल्या तर तो स्वतःच दुसऱ्या ग्राहकाला म्हणेल, दारव्ह्यात त्या ताईंकडे लिहून घ्या. वर्षातून एकदा त्या सीएला भेटा, मार्चच्या गर्दीत नव्हे, आणि विचारा की कोणत्या स्वरूपात माहिती हवी. एक काळजी घ्या: कमिशनचा विषय काढू नका. सीएला सदस्य नसलेल्या माणसाबरोबर फीमध्ये वाटा ठेवता येत नाही, त्यांच्या आचारसंहितेत तो गैरवर्तनात मोडतो. त्याने तुम्हाला लिखाणाचं काम द्यावं आणि त्याची मजुरी द्यावी, हे सरळ.

फलकावर "सीए" ही अक्षरं कुठल्याही वळणाने येऊ देऊ नका, तो गुन्हा आहे. त्याऐवजी जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे दुसऱ्यांची रिटर्न भरून देणारा नोंदणीकृत माणूस, म्हणून नोंदणी करा. बी.कॉम. पदवीवर पोर्टलवरून अर्ज करता येतो, पुढे नासिनची, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर अकादमीची, परीक्षा असते. ती द्या. मग फलकावर ते लिहा आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावा. घरातल्या पुढच्या खोलीला त्याने वजन येतं.

कृषी केंद्रं सोडून बाकीच्या दुकानांसाठी मी एक काम सुचवतो, जे दसऱ्याच्या आधी विकायचं. मागच्या आर्थिक वर्षाच्या खरेदीवरचं राहून गेलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. हार्डवेअर, इलेक्ट्रिकल, मोटारपंप, मोबाइल अशा दुकानांची ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, दर वेळी भरली जाते खरी, पण २बीशी, म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, बिलागणिक ताळा कोणी घातलेला नसतो. समजा अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने १,८०,००० रुपयांच्या पंपसेटच्या सुट्या मालाचं बिल चुकीच्या जीएसटी क्रमांकावर दाखवलं. १८ टक्क्यांनी ३२,४०० रुपये झाले. दुकानदाराने ते पैसे व्यापाऱ्याला दिले आहेत, आणि क्रेडिट मात्र कुणा तिसऱ्याच्या खात्यात पडलं आहे. अकोल्याचा व्यापारी ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) दुरुस्ती करेल, ती ११ नोव्हेंबरपर्यंत भरायची असते, म्हणून यादी तुमच्या हातात दसऱ्याच्या आत हवी. हे एकवेळचं काम म्हणून घ्या, ठरावीक फी घेऊन. ग्राहकाला पूर्ण काम सोपवायला भीती वाटते, तेवढी एका ताळ्याला वाटत नाही. यातून काही सापडलं की पुढचं बोलणं सोपं. काहीच सापडलं नाही तरी त्याला लेखी द्या की तुमचं सगळं जुळतंय. लोकांना तेही ऐकायचं असतं.

फेसबुकच्या जाहिरातीत सध्या पैसे घालू नका. तुमचा ग्राहक तुमच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात आहे, त्याच्यापर्यंत पोचायला ती वाट लांबची. गूगल नकाशावर मात्र नाव, वेळ आणि दोन-तीन फोटो टाका, ते फुकट आहे आणि बाहेरून आलेला बँकवाला किंवा सेल्समन त्यावरच शोधतो. व्हॉट्सॲप बिझनेस वापरा, पण शुभ सकाळ, सणांची चित्रं हे सगळं बंद. तारखेच्या चार दिवस आधी एक निरोप, ज्याचा त्याला: "भाऊ, तिमाहीची विक्री बिलं १० तारखेपर्यंत द्या, १३ ला आर-१ जाईल, २२ ला ३बी." वर्षाच्या सुरुवातीला या तारखांचं एक जाड कार्ड छापा, गल्ल्याजवळ टांगता येईल असं. त्यावर तुमचं नाव तळाशी, लहान अक्षरात. दिनदर्शिका सगळेच वाटतात. हे कार्ड दुकानदार काढून टाकत नाही, कारण त्याच्या कामाचं आहे, आणि समोर बसलेला दुसरा व्यापारी ते वाचतो.

बँकेकडून काम येतं, चांगलं येतं. कॅश क्रेडिट (मालसाठ्यावर मिळणारं चालू कर्ज) घेतलेल्याला दर महिन्याला साठ्याचं विवरणपत्र लागतं, मुद्रा किंवा पीएमईजीपी या सरकारी कर्जयोजनांच्या अर्जाला प्रकल्प अहवाल लागतो, आणि शाखेत रोज कोणी ना कोणी विचारत असतं, हे कोण करून देईल. शाखाधिकाऱ्याला एकदा भेटून तुमचा नमुना दाखवा. पण तिथूनच एक मोह येतो. कर्ज वाढवून हवं म्हणून बँकेसाठी एक ताळेबंद आणि आयकरासाठी दुसरा, असं करून द्या म्हणणारे भेटतील, आणि ते जास्त पैसे देतील. ताई, हे काम कितीही गरज असली तरी घेऊ नका. आपल्या भागात कर्जाखाली माणसं कशी दबतात ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. खोटा नफा दाखवून काढलेलं कर्ज त्या घराला बुडवतं, आणि त्या कागदावर तुमचं अक्षर असतं.

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांचे ग्रामसंघ हेही पाहून ठेवा. पैसा उशिरा येतो, कागद फार. पण उत्पादक कंपनीला ऑडिट आणि कंपनी निबंधकांकडचे वार्षिक अर्ज चुकवता येत नाहीत, आणि संचालक सगळे शेतकरी असतात, त्यांना रोजच्या हिशेबाला कोणी जवळचं हवंच असतं. एखादी घ्या, सुरुवातीला जास्त नको.

फीचं. मी आकडा सांगणार नाही, कारण गावागणिक बदलतो. रीत सांगतो. यवतमाळला तुम्हाला जो पगार होता तो तासावर आणा. त्यात टॅलीचं लायसन्स, इंटरनेट, प्रिंटर, गाडीचं पेट्रोल आणि कागदांची वाट पाहत गेलेला वेळ घाला. मग दुकानाची महिन्याची बिलं मोजून तास काढा. समजा २०० बिलं आहेत: नोंदी, बँक ताळा, २बी आणि रिटर्न मिळून दहा तास लागत असतील, तर दहा तासांचे पैसे घ्या. "रिटर्नचे इतके" असा भाव कधी सांगू नका, कारण समोरचा लगेच बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेचा भाव सांगेल, तो फक्त रिटर्न भरतो, हिशेब लिहीत नाही.

आणि वसुली हंगामाला जोडा. कृषी केंद्रवाल्याचा पैसा जूनमध्ये शेतात जातो आणि सोयाबीन निघाल्यावर, मग कापूस-तूर विकल्यावर परत येतो. त्याला दर महिन्याला पूर्ण फी मागाल तर तो टाळेल, टाळता टाळता तुम्हालाच टाळू लागेल. दर महिन्याला थोडे, तुमचा खिशातला खर्च निघेल इतके, आणि बाकीचे दोन हप्त्यांत: एक दिवाळीनंतर, दुसरा संक्रांतीनंतर. हे बोलणं तुम्ही स्वतःहून काढलंत तर त्याला कळतं की या बाईला माझा धंदा समजतो.

तीन महिने फुकट? नाही. फुकट लिहिलेली वही कोणी उघडून पाहत नाही, आणि चौथ्या महिन्यात पैसे मागितले की वाईट तुम्हीच. नणंदेचं नातं आहे म्हणून तोंडावर नाही म्हणणं जड जात असेल तर २बीचा एका वर्षाचा ताळा ठरवलेल्या फीवर करून द्या, आणि म्हणा की पटलं तर पुढचं ठरवू. पुढचं ठरलं तर एक पानाचं पत्र मराठीत लिहा: कोणतं काम, कागद कोणत्या तारखेला, फी किती आणि कधी, पासवर्ड आणि हिशेब मालकाच्या ताब्यात, किती थकलं की नवीन नोंदी थांबतील. दोघांच्या सह्या. नात्यातल्या त्या दोन ग्राहकांनाही हेच पत्र द्या, नव्या दुकानदाराला देण्याच्या आधी.